निघून गेलेल्यांचं गाणं

या अंकाचा विषय स्थलांतर. गाण्याच्या अंगाने तो पाहायचा तर जपानच्या मुख्य बेटाच्या थेट उत्तर टोकाला, आओमोरी प्रांताच्या पश्चिम भागात जायला हवं. या भागाला त्सुगारू म्हणतात. १,६२५ मीटर उंचीचा एकटाच उभा असलेला इवाकी पर्वत, त्याच्या पायथ्याशी सफरचंदाच्या बागा, पुढे भातशेतीचं सपाट मैदान आणि त्यापलीकडे समुद्र. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारा वारा समुद्रावरचं बाष्प उचलतो आणि इथे बर्फ करून ओततो. पडलेला बर्फही जागेवर राहत नाही. मैदानावरचा वारा तो पुन्हा उचलून आडवा फेकतो आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. म्हणून इथल्या रस्त्यांच्या कडेने वारा अडवणारी लोखंडी कुंपणं उभारलेली आहेत.

गोशोगावारा शहरातून या मैदानात त्सुगारू रेल्वेची छोटी गाडी जाते. लोहमार्ग २०.७ किलोमीटरचा, १९३० साली पूर्ण झालेला. हिवाळ्यात तिच्या जुन्या डब्यांत कोळशाची शेगडी पेटवतात. गाडीतच सुकवलेला माकूळ विकत मिळतो, तो शेगडीच्या जाळीवर भाजून देतात आणि डबाभर त्याचा वास सुटतो. या मार्गावरच कानागी नावाचं गाव आहे. २००५ साली ते गोशोगावारा शहरात विलीन झालं, पण त्याची ओळख पुसली गेली नाही. कादंबरीकार दाझाई ओसामु याचा जन्म १९०९ साली इथल्या एका जमीनदाराच्या वाड्यात झाला. त्सुगारू शामिसेन या तंतुवाद्याचा आद्य वादक मानला जाणारा नीताबो इथलाच. १९८४ साली सगळ्या जपानला हसवत हसवत खेड्याचं रडगाणं ऐकवणारा योशी इकुझोही इथलाच. एवढ्याशा गावात इतकं कसं पिकलं, असं वाटतं. उत्तर बऱ्याच अंशी असं आहे की इथलं गाणं घरात बसून झालं नाही. ज्यांना घराबाहेर पडावं लागलं, त्यांनी ते घडवलं.

दारात उभं राहून

नीताबोचा जन्म १८५७ साली, इवाकी नदीवर नाव चालवणाऱ्या गरीब नावाड्याच्या घरी. देवी आल्या आणि लहानपणीच त्याची दृष्टी गेली. त्या काळी या मुलखात अंध मुलांपुढे मार्ग फार थोडे होते. मुली इताको होत, म्हणजे मृतांशी बोलणाऱ्या, त्यांचा निरोप नातलगांना सांगणाऱ्या. मुलगे शामिसेन घेऊन दारोदार फिरत. त्यांना ‘बोसामा’ म्हणत. जुन्या राजवटीत अंध वादकांचा एक अधिकृत संघ होता आणि त्याच्या पायऱ्या चढायला पैसा लागे. नीताबोसारख्याला तिथे जागा नव्हती. १८७१ साली सरकारने तो संघच मोडीत काढला. कोणी काय वाजवावं आणि कसं वाजवावं, हे सांगणारं आता कोणी उरलं नाही. हिरोसाकीचे संशोधक दाइजो काझुओ यांनी नीताबोचा आणि त्याच्या शिष्यांचा माग काढला आणि या वादनाची वंशावळ लोकांपुढे मांडली. तिच्या मुळाशी मोठा दरबार नाही, देऊळ नाही, भीक मागणाऱ्यांची वाट आहे.

या वाटेनेच वाद्याचा बाज ठरवला. बोसामा दारात उभा. आत माणसं थंडीमुळे दारं-खिडक्या घट्ट लावून चुलखंडाभोवती बसलेली. बाहेर वारा. मऊ, नाजूक वाजवून चालणारच नव्हतं. आवाज दार भेदून आत गेला पाहिजे आणि आतल्या माणसाने मूठभर तांदूळ घेऊन उठलं पाहिजे. शेजारच्या गल्लीत दुसरा बोसामा वाजवत असला, तर त्याच्याहून वेगळंही वाजलं पाहिजे. म्हणून इथे जाड दांडीचं, मोठ्या खोक्याचं शामिसेन रुजलं. खोक्यावर कुत्र्याचं चामडं ताणलेलं, कारण मांजराचं पातळ चामडं हा मार सोसत नाही. आता कृत्रिम चामडंही वापरतात. तारा तीनच. उजव्या हातातल्या रुंद पट्टीने, ‘बाची’ने, तार छेडता छेडता चामड्यावर ठोकाही बसतो. वाद्य एक, पण ऐकू येतात दोन, तंतुवाद्य आणि ढोल. डाव्या हाताची बोटंही स्वतंत्रपणे तारा खेचून सूर काढत असतात. त्यात जाड तारेचा एक झिणझिणता गुंजारव मिसळतो. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल, फक्त इथे ती जवारी वादळात सापडलेली असते.

मारामुळे तारा सतत उतरतात. वादक वाजवता वाजवताच खुंटी पिळून सूर जागेवर आणतो, आणि सुरुवातीचं सूर जुळवणंही वादनाचाच भाग होऊन बसलं आहे. जाणकार तेवढ्यावरून वादकाचा हात ओळखतात.

सुरुवातीला शामिसेन साथीला होतं, मान गाणाऱ्याला होता. ‘त्सुगारू जोनगारा बुशी’, ‘योसारे बुशी’ आणि ‘ओहारा बुशी’ ही इथली तीन प्रमुख गाणी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी गावोगाव गाण्याच्या बैठकी रंगायच्या. गायक एकामागून एक तेच गाणं गायचे आणि लोक तुलना करायचे. साथ करणाऱ्याला प्रत्येकाच्या गळ्यानुसार तिथल्या तिथे वाट बदलावी लागे. गाण्याआधी वाजणारा तुकडा या चढाओढीत लांबत गेला. नीताबोचा शेवटचा शिष्य शिराकावा गुनपाचिरो याच्यासारख्यांच्या हातात तो इतका वाढला, की लोक गाण्याऐवजी त्याचीच वाट पाहू लागले. आज ज्याला आपण त्सुगारू शामिसेनचं एकल वादन म्हणतो, ते असं साथीच्या पोटातून आलं. ‘त्सुगारू शामिसेन’ हे नावसुद्धा सर्वत्र रूढ झालं ते युद्धानंतर, लोकगीतांची लाट आली तेव्हा.

चिकुझान तळघरात

या वाटेवरचं सर्वांत मोठं नाव म्हणजे ताकाहाशी चिकुझान. जन्म १९१०, आओमोरी शहराच्या पूर्वेला, पूर्व त्सुगारूमध्ये. लहानपणीच्या गोवराने दृष्टी गेली. किशोरवयात एका बोसामाच्या हाताखाली शिकला आणि मग स्वतः दारोदार फिरू लागला, आधी आओमोरीत, मग पूर्ण ईशान्य जपानभर, सामुद्रधुनी ओलांडून होक्काइदोपर्यंत. १९३३ साली सानरिकू किनाऱ्यावर मोठी त्सुनामी आली तेव्हा तो त्याच किनाऱ्यावर होता आणि जीव घेऊन उंचावर पळाला. रोजची पोटाची भ्रांत, दारावरून हाकलणं, मुलांची टिंगल हे त्याने सोसलं. पुढे प्रसिद्ध झाल्यावरही तो स्वतःला भिकाऱ्यासाठी वापरला जाणारा तिथला बोलीतला शब्दच लावत असे. त्यात लाज नव्हती आणि मिरवणंही नव्हतं. जे होतं ते तो सांगत होता.

मधल्या काळात तो अंधशाळेत मालिश आणि सुया टोचण्याची विद्या शिकला, कारण शामिसेनवर पोट भरेल याची खात्री नव्हती. १९५०च्या सुमारास लोकगायक नारिता उन्चिकु याने त्याला साथीला घेतलं आणि ‘चिकुझान’ हे नाव दिलं. १९६३ साली त्याच्या एकट्याच्या वादनाची ध्वनिमुद्रिका निघाली. पण खरा चमत्कार झाला तो १९७३ नंतर. तोक्योच्या शिबुया भागात एका चर्चच्या तळघरात ‘जाँ-जाँ’ नावाचं छोटं नाट्यगृह होतं. प्रायोगिक नाटकं आणि नव्या धाटणीच्या गाण्याला जाणारी तरुण पोरं तिथे जमत. साठी ओलांडलेला चिकुझान तिथे नियमित वाजवू लागला आणि तळघर भरू लागलं. दोन तुकड्यांच्या मधे तो आपल्या भटकंतीच्या गोष्टी सांगे, ठसठशीत त्सुगारू बोलीत. महानगरात वाढलेल्या पोरांना त्यातले अर्धे शब्द लागत नसतील, तरी ती ऐकत बसत. १९७७ साली शिंदो कानेतो या मोठ्या दिग्दर्शकाने त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढला. १९८६ साली तो अमेरिकेत वाजवून आला. १९९८ साली वारला, पण त्याआधीच आपलं नाव एका शिष्येला देऊन. आज ‘दुसरी चिकुझान’ म्हणून वाजवणारी ही स्त्री मूळची तोक्योची आहे. ज्या वाटेवर बोसामा म्हणून फक्त पुरुष चालले, तिचं सर्वांत मोठं नाव आता एका बाईकडे आहे.

उएनो स्थानक

बोसामा पायी गेले. त्यांच्या नंतरची पिढी आगगाडीने गेली. युद्धानंतर तोक्यो आणि ओसाकाच्या कारखान्यांना, दुकानांना हात कमी पडू लागले. ईशान्येच्या खेड्यांत मुलं जास्त आणि जमीन कमी. मग शाळा, रोजगार कार्यालयं आणि मालक यांनी मिळून एक यंत्रणाच उभी केली. माध्यमिक शाळा संपवलेल्या, पंधरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गाडीत बसवून थेट नोकरीच्या गावी न्यायचं. १९५४ च्या एप्रिलमध्ये आओमोरीहून अशी खास गाडी तोक्योच्या उएनो स्थानकाकडे सुटली. पुढची वीस वर्षं अशा गाड्या धावत राहिल्या. फलाटावर आईबाप, गाडीत शाळेच्या गणवेशातली पोरं, आणि उएनोला मालकाचा माणूस नावाची पाटी धरून उभा. वर्तमानपत्रं या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. अंडी उबवायची कोणी, याचा विचार मात्र क्वचित होई.

या मुलांचं गाणं १९६४ साली आलं, ‘आ, उएनो एकि’. या स्थानकात उतरलेल्या मुलाच्या तोंडचं हे गाणं गाणारा इझावा हाचिरो स्वतः त्सुगारूच्या हिरोसाकीचा. आवाज चढा, मोकळा, थेट छातीतून येणारा. ते गाणं मुलांना नुसतं आवडलं नाही, त्यांनी ते आपल्या नावावर करून घेतलं. २००३ साली उएनो स्थानकासमोर या गाण्याचं स्मारक उभं राहिलं. तिथे गाडीतून उतरणाऱ्या मुलांचं चित्र कोरलेलं आहे.

मोठी माणसंही जात. भाताची कापणी झाली की घरचा कर्ता पुरुष शहरात बांधकामावर जाई आणि वसंतात परते. रस्ते, बोगदे, १९६४ च्या ऑलिंपिकसाठीची मैदानं अशा हातांनी बांधली. वडिलांशिवायचे हिवाळे हा इथल्या दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे.

त्याही आधी, वेगळ्या कारणाने एक मुलगी गेली होती. आवाया नोरिको, जन्म १९०७, आओमोरी शहरातल्या कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी. घरची परिस्थिती ढासळली आणि आई मुलींना घेऊन तोक्योला आली. नोरिकोने पाश्चात्य गायनाचं शिक्षण घेतलं. शिकताना पैसे कमी पडले तेव्हा ती चित्रकारांसमोर बसून शुल्क भरत असे. १९३७ साली हात्तोरी र्‍योइचि याने रचलेलं ‘वाकारे नो ब्लूज’ तिने गायलं आणि ती जपानची ‘ब्लूजची राणी’ झाली. युद्धात बायकांनी ढगळ विजारी घालाव्यात, नटू नये, असा हुकूम होता. ती सैनिकांपुढेही लांब झगा आणि ओठांना रंग लावूनच उभी राहिली, अधिकाऱ्यांना माफीपत्रं लिहीत राहिली आणि पुन्हा तसंच करत राहिली. आत्मघातकी उड्डाणांसाठी निवडलेल्या पोरांपुढे गाताना, त्यातली काही बोलावणं येताच सलाम करून निघून गेली आणि तिचा गळा भरून आला, हे तिने नंतर अनेकदा सांगितलं. दूरचित्रवाणीवर म्हातारपणी ती परीक्षक म्हणून बसे तेव्हा तोंड उघडताच कळे, बाई त्सुगारूची आहे.

बोली अशी उघडपणे बोलणं सोपं नव्हतं. त्सुगारूची बोली जपानमध्ये सर्वांत अवघड समजली जाते. शब्द इतके आखडलेले की दोन अक्षरांत प्रश्न आणि दोन अक्षरांत उत्तर होतं. थंडीत तोंड फार उघडावं लागू नये म्हणून, असं तिथली माणसं सांगतात. शहरात नोकरीला गेलेली पोरं या बोलीपायी चेष्टेचा विषय होत आणि कित्येक जण गप्प राहायला शिकले. म्हणून ज्यांनी ती बोली माइकपुढे उच्चारली, त्यांचं धैर्य मोठं.

कानागीचा इकुझो, कोदोमारीचा कान

योशी इकुझोचा जन्म १९५२ चा. वडील लोकगीतं गाणारे. शाळा संपताच तो तोक्योला गेला. १९७३ साली पहिलं गाणं आलं, पण फारसं काही झालं नाही. मग त्याने नाव बदललं. नवं नाव मोठ्याने म्हटलं की ‘चला, निघतो!’ असं ऐकू येतं. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ओरा तोक्यो सा इगुदा’ आलं. खेड्यातला पोरगा आपल्या गावात काय काय नाही याची यादी एका दमात वाचतो आणि शेवटी तोक्योला जायचं ठरवतो, पण तिथे जाऊन करणार काय, तर गाई पाळणार! चाल तालावर बोलल्यासारखी आहे. अमेरिकेतल्या रॅपच्या रेकॉर्ड तेव्हा नुकत्या कानावर पडू लागल्या होत्या, त्यांचा ठसा त्यात दिसतो. पण ज्याने जोनगारा ऐकलं आहे, त्याला त्यातला दमसास ओळखीचा वाटतो. १९८६ साली त्याने ‘युकीगुनी’ हे अगदी गंभीर, करुण गाणं गाऊन आपण फक्त विनोदवीर नाही, हे दाखवून दिलं.

जवळजवळ पंचवीस वर्षांनी, २००८ च्या आसपास, निको निको दोगा या व्हिडिओ संकेतस्थळावर तरुण मुलांनी त्या जुन्या गाण्याचे तुकडे नव्या नृत्यसंगीताला जोडायला सुरुवात केली आणि तो पुन्हा घराघरांत पोचला. २०१९ साली, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, त्याने ‘त्सुगारू’ नावाचं रॅप काढलं, संपूर्ण बोलीत. बाहेरच्यांना त्यातलं फारसं कळत नाही आणि ते समजावून द्यायची घाईही त्याने केली नाही.

मिकामी कान याची गोष्ट कमी गोड आहे. १९५० साली त्सुगारू द्वीपकल्पाच्या टोकाकडच्या कोदोमारी या मच्छीमार गावात जन्मलेला हा गायक १९७१ च्या नाकात्सुगावा लोकसंगीत मेळ्यात गिटार घेऊन उभा राहिला आणि ओरडून, खरडून गायला. राग, लाज, आईची आठवण, शहराचा तिटकारा सगळं एकदमच. गिटार तो शामिसेनसारखी ठोकत वाजवतो. हिरोसाकीत जन्मलेला कवी-दिग्दर्शक तेरायामा शुजी याने १९७४ साली आपल्या बालपणावर बेतलेल्या चित्रपटात त्याला घेतलं. त्याचे श्रोते कधीच फार नव्हते, पण मिळाले ते कायमचे.

पर्वताखालचं हेवी मेटल

हिरोसाकी ही त्सुगारूची जुनी राजधानी. किल्ला, चेरीची झाडं, विद्यापीठ. इथल्या वाजिमा शिंजी आणि सुझुकी केनइचि या शाळेपासूनच्या मित्रांनी १९८७ साली ‘निनगेन इसु’ हा तीन जणांचा बँड काढला. नाव एदोगावा राम्पोच्या गूढकथेवरून, म्हणजे ‘मानवी खुर्ची’. १९८९ साली हौशी बँडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सुझुकी एका भुताच्या कॉमिकमधल्या उंदीरमाणसाचा वेश करून आला. प्रेक्षक हसले, पण गिटार सुरू झाल्यावर परीक्षक सरसावून बसले. पहिल्या मोठ्या अल्बमचं नाव ‘निनगेन शिक्काकु’, थेट दाझाईच्या कादंबरीचं.

मुळात ब्लॅक सॅबथच्या जड, संथ गिटारवर पोसलेला हा बँड. पण वाजिमाच्या एकल वादनात एकेक तार ठोकत, घसरत जाणारी जी धाटणी आहे, ती पर्वतापलीकडच्या बोसामांची आहे. सुझुकी चेहरा पांढरा रंगवून, भिक्षूसारखा वेश करून बेस वाजवतो आणि त्सुगारू उच्चारांत गातो. २०१३ च्या ‘मांदोरो’ अल्बममध्ये त्यांनी आपल्या गावच्या नेपुता उत्सवावर गाणं केलं. ऑगस्टच्या रात्री पंख्याच्या आकाराचे प्रचंड चित्रदीप ओढत नेताना वाजणारे ढोल त्यात ऐकू येतात.

पण त्यांची पोटाची लढाई लांबली. कंपनीने साथ सोडली, तेव्हा ते मोलमजुरी करत वाजवत राहिले, आणि ड्रमर बदलत गेले. २००४ साली नाकाजिमा नोबु आला तेव्हा घडी बसली. २०१९ साली ‘मुजो नो स्कॅट’चा व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि ज्यांना जपानीचा एक शब्द कळत नाही अशा देशोदेशीच्या लोकांनी तो कोटीच्या घरात पाहिला. २०२० च्या फेब्रुवारीत ते जर्मनीत आणि लंडनमध्ये वाजवून आले. तेव्हा वाजिमा आणि सुझुकी दोघेही पन्नाशी ओलांडलेले होते. तीस वर्षं एकच गोष्ट करत राहण्याला यश म्हणायचं ते यानंतर का, आधीपासूनच का म्हणू नये?

बाहेरून येणारे, आत राहणारे

आता प्रवाह उलटाही वाहतो. १९८२ पासून हिरोसाकीत त्सुगारू शामिसेनची स्पर्धा भरते, मे महिन्याच्या सुरुवातीला. लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत गट, एकल आणि समूहवादन. मिनिटं मोजकी, गाणं बहुधा जोनगाराच, त्यामुळे तुलना निर्दय होते. कानागीतही स्पर्धा होते, आणि तिथल्या शामिसेन संग्रहालयात रोज वादन ऐकायला मिळतं. येणारे वादक ओसाकाचे असतात, क्युशूचे असतात, परदेशीही. १९९९ साली पहिल्या अल्बमने जपानभर नाव केलेले योशिदा बंधू होक्काइदोचे, त्सुगारूचे नाहीत. स्थानिक जुन्या वादकांना याचं कौतुक आहे आणि थोडी काळजीही. बोटांचा वेग शिकवता येतो. दारासमोर उभं राहून आतल्या माणसाच्या पावलांचा अंदाज घेत वाजवणं मात्र शिकवायचं कसं?

आणि काही जण जातच नाहीत. २००० साली हिरोसाकीत ‘रिंगो मुसुमे’, म्हणजे सफरचंद-कन्या, हा मुलींचा गट निघाला. त्याचं उद्दिष्टच शेतीत जीव आणणं हे आहे. जपानच्या सफरचंदांपैकी निम्म्याहून अधिक आओमोरीची. आपल्याकडे फळवाल्यांच्या गाड्यांवर दिसणारं फुजी सफरचंद याच मुलखातल्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि त्याचं नाव त्या गावावरूनही घेतलेलं आहे. पण बागा राखणारे हात म्हातारे झाले आहेत. गटातल्या मुलींची नावं फळांच्या जातींवरून असतात. तोकी, ओरिन, जोनागोल्ड, साइका ही चार नावं सर्वांत गाजली. मुली शाळा-कॉलेज करत, बागेत काम करत, सरावाला येत. गाणी बोलीत, पोशाख सफरचंदाचे, कार्यक्रम बाजारात, उत्सवात, शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत. त्यांच्या हाताखाली लहान मुलींचा एक गटही शिकत असतो, म्हणजे पुढची फळी तयार.

ती चौघींची फळी २०२२ साली गटातून बाहेर पडली. ओरिन देशभर लोकप्रिय झाली. तोक्योतल्या कार्यक्रमांत मोठमोठ्या कलाकारांसमोर ती बिनधास्त त्सुगारू बोलीत बोलते, समोरच्यांना कळलं नाही तर पुन्हा तेच सांगते, आणि चित्रीकरण झालं की परत आओमोरीला जाते. २०१० पासून शिन-आओमोरीपर्यंत शिंकान्सेन धावते, तोक्योहून साधारण तीन-सव्वातीन तासांत. १९५४ साली ज्या मुलांना त्या दिशेने परतीचं तिकीट कोणी दिलं नव्हतं, त्यांच्या नातींच्या वयाची ही मुलगी आठवड्यात जाऊन येते. हिरोसाकीतल्या नव्या मुली मात्र शाळा सुटल्यावर पुन्हा सरावाच्या खोलीत जमतात आणि कोणती जात कोणाच्या वाट्याला येणार यावर चर्चा करतात.